पीटच्या जमिनीचे पाणी कोण संपवते : झाडे की कालवे?



जलचक्र शिकवताना आपण फळ्यावर ढग, पाऊस, नदी आणि समुद्र काढतो. बाजूला एक झाड काढतो आणि त्याच्या पानांतून वर जाणारे दोन बाण दाखवतो. त्या बाणांवर ‘बाष्पोच्छ्वास’ असे लिहितो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, “सर, त्या बाणातून पाणी जातं तरी किती?” आणि त्याच्या मागचा दुसरा म्हणतो, “आमच्या शेजारच्या वावरात नीलगिरी लावली तर विहिरीचं पाणी आटलं म्हणतात. मग झाड पाणी वाढवतं की संपवतं?”

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. आजच्या पाठात त्यांची उत्तरे आपण इंडोनेशियातल्या एका वेगळ्याच जमिनीवर शोधणार आहोत. तिथे हा प्रश्न पाठ्यपुस्तकातला नाही. त्याच्या उत्तरावर जमीन खचणार की टिकणार, जंगल जळणार की वाचणार हे ठरते.

आणि ती जमीन आपल्यापासून वाटते तेवढी लांबही नाही. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर १०० रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ मिळाला होता, आठवतंय ना? रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. भारत हा जगातला पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार देश आहे आणि आपल्याकडे येणाऱ्या तेलाचा मोठा भाग इंडोनेशिया आणि मलेशियातून येतो. सगळेच पामतेल या जमिनीवरचे असते असे नाही, पण काही नक्कीच असते.

पीट म्हणजे काय?

नर्सरीत कुंडीसाठी मिळणारे ‘कोकोपीट’ तुम्ही पाहिले असेल. ते नारळाच्या सोडणाच्या भुशापासून बनवतात, म्हणजे ते खरे पीट नव्हे. पण हातात घेतले की अंदाज येतो : हलके, तपकिरी आणि पाणी ओतले की फुगणारे.

खरे पीट दलदलीत तयार होते. पाने, फांद्या आणि मुळे पाण्यात पडतात. साचलेल्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो, त्यामुळे ती पूर्ण कुजत नाहीत. अर्धवट कुजलेला हा थर वर्षाला जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर वाढतो. असे हजारो वर्षे चालले की काही मीटर जाडीचा थर तयार होतो. सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर काही ठिकाणी तो दहा मीटरपेक्षा जाड आहे. म्हणजे तीन मजली इमारत उभी राहील एवढा!

ही माती नव्हेच. दगड झिजून माती होते, पीट मात्र वनस्पतींपासून होते. पाण्याने भरलेल्या नैसर्गिक पीटच्या आकारमानाचा सुमारे नव्वद टक्के भाग पाण्याचाच असतो. उरलेल्या थोड्या भागात वनस्पतींचे अवशेष आणि त्यांच्यात बंद झालेला कार्बन. म्हणून एक वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : पीट पाण्यात आहे तोवरच ते टिकते.

इथे लागवड कशी होते?

या दलदलीवर मूळचे जंगल असते, त्याला ‘पीट-दलदलीचे जंगल’ म्हणतात. ते तोडून तिथे मुख्यतः दोन पिके घेतली जातात.

पहिले पीक तेलताड, म्हणजे पामतेलाचे झाड. एकदा लावले की ते साधारण २५ वर्षे ठेवतात. दुसरे अकेशिया क्रासिकार्पा. कोकणात रस्त्याकडेला ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ म्हणून जे झाड ओळखले जाते, त्याचीच ही बहीण म्हणा. कागदाच्या लगद्यासाठी ती लावतात आणि चार-पाच वर्षांतच कापतात.

दोन्ही झाडांच्या मुळांना हवा लागते, सतत पाण्यात ती नीट वाढत नाहीत. मग काय करायचे? कालवे खणायचे. आपल्याकडे कालवा म्हटले की शेताला पाणी आणणारा. इथला कालवा उलट काम करतो, तो शेतातले पाणी बाहेर नेतो. त्याला ‘निचरा कालवा’ म्हणू. तेलताडासाठी जमिनीतली पाण्याची पातळी पृष्ठभागापासून साधारण ५० ते ७५ सेंटीमीटर खाली ठेवली जाते. अकेशियासाठी बऱ्याचदा त्याहून थोडी खोल.

आता या जमिनीतून पाणी जायला दोन वाटा झाल्या. एक कालव्यातून आडवी, दुसरी झाडातून वर आकाशात. यातली कोणती वाट जास्त घातक? बरेच जण पटकन झाडाकडे बोट दाखवतात. आपण आधी मोजमाप बघू.

झाड किती पाणी पिते, हे मोजतात कसे?

झाडाला मीटर बसवता येत नाही, असे वाटेल. पण येतो! त्याच्या तीन पद्धती बघा.

१. खोडातल्या सुया. फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे ग्रानिए यांनी १९८५ मध्ये ही पद्धत मांडली. खोडात एकीखाली एक अशा दोन बारीक सुया बसवतात. वरची सुई विजेने किंचित गरम ठेवतात. खोडातून पाणी वर चढू लागले की ते उष्णता वाहून नेते, सुई गार होते आणि दोन सुयांच्या तापमानातला फरक कमी होतो. फरक जेवढा कमी, तेवढे पाणी जास्त वेगाने चढते आहे. गरम चहावर फुंकर मारल्यावर तो लवकर निवतो, तसेच काहीसे. तेलताडाच्या बाबतीत या सुया पानाच्या देठातही बसवतात, कारण त्याचे खोड आंब्या-सागासारखे नसते.

२. जमिनीतली नळी. बाजूने भोके पाडलेली नळी पीटमध्ये उभी रोवतात आणि आतल्या पाण्याची पातळी दर तासाला नोंदवतात. अमेरिकेत वॉल्टर व्हाइट यांनी १९३२ मध्ये यूटा राज्यातल्या एस्कलांटे खोऱ्यातल्या नोंदींवरून ही युक्ती दाखवून दिली. पाऊस नसलेल्या दिवसांत पाण्याची रेघ पायऱ्यांसारखी दिसते. दिवसा खाली उतरते, रात्री थांबते किंवा किंचित वर येते. कारण उघड आहे. रात्री पर्णरंध्रे मिटतात आणि झाडाचे पिणे जवळजवळ बंद होते. कालवा मात्र रात्री झोपत नाही. म्हणून दिवस आणि रात्र यांच्यातल्या फरकावरून झाडांचा वाटा ओळखता येतो.

३. उंच मनोरा. झाडांच्या शेंड्यांच्याही वर मनोरा उभारून हवेचे झोत आणि त्यांतली वाफ सेकंदाला अनेकदा मोजतात. यात झाडाचा बाष्पोच्छ्वास, जमिनीवरून उडणारी वाफ आणि ओल्या पानांवरून सुकणारे पावसाचे थेंब असा सगळा खर्च एकत्र येतो. या एकत्रित खर्चाला ‘बाष्पीभवन-बाष्पोच्छ्वास’ म्हणतात. आपण सोपे नाव देऊ : आकाशखर्च.

आता थोडे गणित

पाऊस आपण मिलिमीटरमध्ये मोजतो, आकाशखर्चही तसाच मोजतात. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा मोठा टँकर साधारण एवढाच असतो, नाही का?

उष्ण कटिबंधातल्या अशा हिरव्या, ओल्या जागेचा आकाशखर्च दिवसाला साधारण ४ मिलिमीटर धरता येतो. म्हणजे एका हेक्टरमधून रोज चार टँकर पाणी हवेत जाते! फळ्यावरचे ते दोन छोटे बाण आठवा.

आता मुख्य प्रश्न. मूळ जंगल तोडून लागवड केल्यावर हा खर्च वाढला का? बोर्निओ बेटावर मध्य कालिमांतान प्रांतात पालांकाराया शहराजवळ जपानी आणि इंडोनेशियन शास्त्रज्ञांनी मनोऱ्यांवरून अनेक वर्षे मोजमाप केले. पाण्याने भरलेल्या मूळ जंगलाचा वार्षिक आकाशखर्च १,६०० मिलिमीटरच्या थोडा वर आला. कालव्यांनी निचरा झालेल्या जंगलाचा त्याहून थोडा कमी, १,५५० च्या आसपास. आणि जळून झुडपे उरलेल्या जागेचा १,४०० च्याही आत.

म्हणजे सगळ्यांत जास्त पाणी पिणारे होते ते मूळ, हिरवेगार, पाण्याने भरलेले जंगल! तरीही तिथले पीट हजारो वर्षे ओले राहिले.

असे का? पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती सूर्याकडून येते. पाणी मुबलक असेल तिथे सूर्य देईल तेवढीच वाफ होणार, मग झाड कोणतेही असो. आपल्या दख्खनच्या पठारावर गोष्ट वेगळी आहे. इथे ऊन भरपूर आणि पाणी कमी, म्हणून कोणाची मुळे किती खोल जातात याने फरक पडतो. नीलगिरीची चर्चा इथे होते ती त्यामुळे. तोच नियम उचलून सुमात्राला लावता येत नाही.

लागवडीतही वयाप्रमाणे खर्च बदलतो. वर्षाच्या रोपांची पाने कमी, म्हणून खर्च कमी. दहा-बारा वर्षांच्या तेलताडाचा त्याहून बराच जास्त. अकेशियाची कापणी झाली की पानेच नाहीशी होतात, झाडांचे पिणे थांबते आणि नवी रोपे मोठी होऊ लागली की पुन्हा वाढते.

मग बिघडले कुठे?

झाडाची तहान फारशी वाढली नाही. मग पाण्याची पातळी एवढी खाली का जाते? याची दोन कारणे आहेत. पहिले सरळ आहे, दुसरे जरा लपलेले.

पहिले कारण म्हणजे कालवा. पावसाळ्यात मूळ जंगलातले जास्तीचे पाणी हळूहळू झिरपत नदीला जाते आणि पीट काठोकाठ भरलेले राहते. कालवा मात्र ते पाणी भराभर बाहेर काढतो. त्यामुळे कोरडे महिने सुरू होतात तेव्हाच पातळी अर्धा मीटर खाली असते. पगार झाल्या झाल्या अर्धा खर्च करून टाकला, तर महिनाअखेर कशी जाईल? तसेच हे.

दुसरे कारण समजायला दोन भांडी डोळ्यांसमोर आणा. एका टाकीत नुसते पाणी आहे. त्यातून ४ मिलिमीटर पाणी उडाले तर पातळी ४ मिलिमीटरच उतरेल. दुसऱ्या टाकीत स्पंज दाबून भरला आहे आणि त्यात पाणी आहे. इथे मोकळी जागा कमी, शिवाय काही पाणी स्पंज सोडतच नाही. म्हणून तेवढेच ४ मिलिमीटर पाणी काढले तरी पातळी कितीतरी जास्त उतरते.

समजा, पीटमधली सहज रिकामी होणारी जागा एक पंचमांश आहे. मग ४ मिलिमीटर खर्चाला पातळी ४ × ५ = २० मिलिमीटर, म्हणजे २ सेंटीमीटर उतरेल. रोज दोन सेंटीमीटर! सलग वीस दिवस पाऊस आला नाही तर ४० सेंटीमीटर. आणि लक्षात घ्या, या हिशोबात कालव्यातून एक थेंबही गेलेला नाही.

आता यातली खरी मेख बघा. मूळ जंगलातले वरचे पीट भुसभुशीत असते, त्यात मोकळी जागा जास्त. निचरा केल्यावर तेच पीट सुकते, दबते आणि घट्ट होते. त्यावरून यंत्रे फिरतात, ते आणखी दबते. मोकळी जागा कमी झाली की तेवढ्याच आकाशखर्चाला पातळी आधीपेक्षा जास्त उतरते. झाडाची तहान तेवढीच राहिली, पण त्याच्यापुढचे भांडे लहान झाले. आणि भांडे लहान करणारा पुन्हा कालवाच.

पातळी उतरली की काय होते?

तीन गोष्टी होतात.

* जमीन खचते. पाण्याबाहेर आलेल्या पीटला हवा लागते, ते कुजते आणि दबते. सुमात्रातल्या रिआऊ आणि जांबी प्रांतांतल्या लागवडींमध्ये निचरा केल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत जमीन सरासरी १.४ मीटर खचल्याचे आणि पुढे दर वर्षी सुमारे ५ सेंटीमीटर खचत राहिल्याचे आढळले आहे. तिथे वाकडे झालेले तेलताड दिसतात, कारण मुळांना धरायला जमीनच उरत नाही. जमीन खाली गेली की पाणी पुन्हा पृष्ठभागाजवळ येते, मग कालवे आणखी खोल करतात, मग जमीन आणखी खचते. शेवटी ती नदीच्या पातळीला येते, मग पाणी काढायचे तरी कुठे?

* कार्बन हवेत जातो. हवामान बदलावरील आंतरशासकीय समिती, म्हणजे आयपीसीसी, निचरा केलेल्या पीटवरील तेलताडासाठी हेक्टरी वर्षाला ११ टन कार्बन हा आकडा धरते. कार्बन डायऑक्साइडमध्ये तो सुमारे ४० टन होतो. हजारो वर्षांची ठेव अशी काही दशकांत मोडली जाते.

* आग लागते. सुके पीट जळते, आणि तेही जमिनीच्या आत धुमसत. वरून पाणी मारून ही आग सहज विझत नाही. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या काळात मध्य कालिमांतानमध्ये सुमारे दहा लाख हेक्टरांवर भातशेतीचा प्रचंड प्रकल्प सुरू झाला. चार हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खणले गेले. भात काही नीट पिकला नाही, पण पीट सुकले. १९९७ मध्ये एल निनोमुळे पाऊस रोडावला आणि आगी भडकल्या. त्या वर्षी इंडोनेशियातल्या पीट आणि जंगलांच्या आगींतून ०.८ ते २.६ अब्ज टन कार्बन हवेत गेला असावा, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला. २०१५ मध्ये पुन्हा एल निनो आला. सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळले, धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत पोचला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. जागतिक बँकेने इंडोनेशियाचे नुकसान १६ अब्ज डॉलर धरले.

ज्या शाळा बंद राहिल्या, तिथली मुलेही आपल्या वर्गातल्या मुलांएवढीच. पाण्याच्या पातळीचा हिशोब चुकला की तो असा मुलांच्या श्वासापर्यंत पोचतो.

उपाय काय, आणि तो पुरतो का?

२०१५ च्या आगींनंतर इंडोनेशियाने जानेवारी २०१६ मध्ये पीट पुनर्स्थापनेसाठी स्वतंत्र संस्था नेमली आणि वीस लाख हेक्टर पीट सुधारण्याचे लक्ष्य तिला दिले. सरकारी नियमानुसार लागवडीच्या पीटमध्ये पाण्याची पातळी पृष्ठभागापासून ४० सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ नये, असे ठरले. त्यासाठी कालव्यांत ठिकठिकाणी बांध घातले जातात. आपल्याकडे ओढ्यावर वनराई बंधारा घालतात, कल्पना तीच.

बांध आवश्यक आहेत, यात शंका नाही. पण वरचे गणित आठवा. कालवा पूर्ण बंद असला तरी वीस कोरड्या दिवसांत झाडे पातळी ४० सेंटीमीटर उतरवू शकतात. कालव्याला बांध घालता येतो, पानाला नाही! मध्य कालिमांतानमध्ये कोरड्या महिन्यात १०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो, आणि आकाशखर्च मात्र ४ × ३० = १२० मिलिमीटर. म्हणजे दर महिन्याला तूट.

यातून तीन निष्कर्ष निघतात. एक, कोरडे महिने लागल्यावर बांध घालून उपयोग नाही, पावसाळा संपतानाच पीट काठोकाठ भरलेले हवे. दोन, पातळी वर ठेवायची तर त्या पातळीला जगणारी झाडे लावायला हवीत. साबुदाण्यासारखे पांढरे दाणे ज्या झाडाच्या पिठापासून करतात तो सागो ताड आणि चिकासाठी उपयोगी जेलुतुंग ही तिथलीच झाडे दलदलीत वाढतात. त्यांच्यासाठी कालवा खणावाच लागत नाही. तीन, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे पीट अजून जंगलाखाली ओले आहे ते तसेच राहू देणे. दबलेले पीट पुन्हा भुसभुशीत व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर द्या. पाणी कोण संपवते? पाणी झाडे आणि कालवे दोघेही नेतात. पण झाडाचा खर्च त्या जमिनीला पूर्वीपासून झेपत होता. कालव्याने साठवण घटवली आणि तोच खर्च जड झाला. म्हणून ‘झाड वाईट की चांगले’ असे विचारण्यापेक्षा ‘कोणते झाड, कोणत्या जमिनीवर, किती पाण्यासोबत’ असे विचारायला मुलांना शिकवूया.

करून पाहूया

साहित्य : एकसारखे तीन प्लॅस्टिकचे डबे, कोकोपीट, मेथी किंवा मुगाचे दाणे, वजनकाटा.

१. तिन्ही डब्यांत सारखे कोकोपीट भरा. पहिल्या आणि तिसऱ्या डब्यात दाणे पेरा, दुसरा तसाच ठेवा. रोपे चांगली वाढेपर्यंत तिन्ही डबे ओले ठेवा.
२. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्याला मध्यावर बाजूने भोक पाडा. हा आपला कालवा. तिन्ही डबे पाण्याने काठोकाठ भरा.
३. डबे पावसापासून दूर, उजेडात ठेवा. दहा दिवस रोज वजन करून तक्ता भरा.

भोकातून पाणी किती वेळ गळते आणि कोणत्या पातळीला थांबते ते बघा. त्यानंतरही तिसऱ्या डब्याचे वजन का घटत राहते, यावर वर्गात चर्चा करा.

स्वाध्याय

१. पीट आणि माती यांतील फरक सांगा.
२. पाण्याची नोंद रात्री पायरीसारखी का थांबते?
३. रोजचा आकाशखर्च ५ मिलिमीटर आहे आणि पीटमधली रिकामी होणारी जागा एक चतुर्थांश आहे. पाऊस नसेल तर १० दिवसांत पातळी किती सेंटीमीटर उतरेल?
४. कालव्याला बांध घातला तरी पातळी का उतरते? तुमच्या शब्दांत लिहा.
५. घरातल्या बिस्किटाच्या पुड्यावर आणि तेलाच्या पिशवीवर घटक वाचा. पामतेल कशाकशात आहे, त्याची यादी करा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर २० सेंटीमीटर आले पाहिजे. नाही आले तर स्पंजच्या टाकीचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा.